अपस्मार : निदान आणि उपचार

‘स्मर’ म्हणजे स्मरण. त्याचा लोप तो अपस्मार. चरकसंहितेत वर्णिलेल्या या विकाराला बोलीभाषेत फेफरे, आकडी, मिरगी किंवा नुसते ‘फिट येणे’ म्हणतात. मेंदूतील पेशींमधून विद्युतसंदेश अचानक व अनियंत्रितपणे उसळले की झटका येतो. मात्र प्रत्येक झटका अपस्माराचा नसतो. तापात लहान मुलाला येणारी आकडी किंवा रक्तातील साखर घटल्याने आलेला झटका यांची गणना वेगळी होते. अशा तात्कालिक कारणाविना, २४ तासांहून अधिक अंतराने दोन झटके आल्यास सर्वसाधारणपणे अपस्माराचे निदान केले जाते.

हातपाय झाडणे, तोंडाला फेस येणे हे झाले परिचित चित्र. वर्गात काही सेकंद शून्यात पाहत राहणारे मूलही रुग्ण असू शकते. त्याला बेलक्ष ठरवून शिक्षा होते, ही खरी शोकांतिका. म्हणूनच झटका पाहणाऱ्याने केलेले वर्णन निदानात सर्वांत मोलाचे ठरते. ईईजी या तपासणीत मेंदूतील विद्युतलहरींचा आलेख मिळतो. तो निर्दोष आला, तरी आजार नाही असे म्हणता येत नाही.

एमआरआयमध्ये कधी जुनी इजा, कधी गाठ दिसते. भारतात आणखी एक कारण वरचेवर आढळते, ते म्हणजे डुकरातील पट्टकृमीच्या अळ्यांची मेंदूतील पुटी. हा रोग केवळ मांसाहारींना होतो, हा गैरसमज आहे. कृमीची अंडी दूषित पाणी, न धुतलेल्या भाज्या वा अस्वच्छ हातांवाटे पोटात जातात. त्यामुळे शुद्ध शाकाहारी व्यक्तीलाही तो होतो.

योग्य औषधांनी सुमारे ७० टक्के रुग्णांचे झटके थांबू शकतात. गोळ्या नियमित घेणे मात्र अनिवार्य. बरे वाटले म्हणून त्या परस्पर बंद केल्यास झटके उलटतात. किमान दोन वर्षे झटका न आल्यास मात्रा हळूहळू घटवण्याचा विचार डॉक्टर करतात. औषधांना दाद न देणाऱ्या काही रुग्णांना शस्त्रक्रियेचा लाभ होतो.

झटका आलेल्यास कुशीवर वळवावे. कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, तोंडात चमचा घालू नये. पाच मिनिटांत झटका न थांबल्यास तातडीने रुग्णालय गाठावे.

हिंदू विवाह कायद्यातील अपस्माराची अट १९९९ मध्ये वगळण्यात आली, तरी स्थळ पाहताना आजार लपवला जातो आणि लग्नानंतर गोळ्या चोरून घ्याव्या लागतात, किंवा सुटतात. व्हॅल्प्रोएटसारख्या औषधाने गर्भाला धोका संभवतो. त्यामुळे अपत्याचा विचार करण्यापूर्वीच अशा स्त्रीने डॉक्टरांशी बोलून औषधयोजना ठरवून घ्यावी.