मँचेस्टरची काळी तबकडी

मँचेस्टर हें नांव आपल्याकडे एके काळीं विलायती कापडाच्या ताग्यांवरून घरोघर ठाऊक होतें. सन १९७० नंतरच्या दशकांत मात्र तेथील बहुतेक गिरण्या बंद पडून वखारी ओस पडल्या होत्या. अशा उतरत्या काळांत त्या परिसरांतील चार तरुणांनीं एक ध्वनिमुद्रिका काढली. वाद्यमेळाचें नांव ‘जॉय डिव्हिजन’ आणि ध्वनिमुद्रिकेचें ‘अननोन प्लेझर्स’.

बर्नार्ड समनर व पीटर हुक हे शाळासोबती. ता. ४ जून १९७६ रोजीं त्यांनीं ‘सेक्स पिस्टल्स’ या मंडळीचा जलसा ऐकला, आणि हुकनें लागलीच आईकडून उसने पैसे घेऊन गिटार आणलें! स्टीफन मॉरिस ड्रम वाजवी. गायक व गीतकार इयन कर्टिस हा मॅकल्सफील्ड येथील रोजगार-कचेरींत नोकर होता. सन १९७८ मध्यें त्यांनीं एका कंपनीसाठीं संबंध ध्वनिमुद्रण केलें होतें. परंतु त्यावर परस्पर चढविलेले सिंथेसायझरचे सूर न रुचल्यामुळें तें माघारें घेतलें. पुढें टोनी विल्सन या दूरचित्रवाणी-निवेदकानें पदरचे पैसे घालून ‘फॅक्टरी’ या आपल्या चिमुकल्या कंपनीतर्फे त्यांस संधि दिली. अट विलक्षण होती. खर्च वजा जातां नफा निम्मेनिम्म, आणि गाण्यांची मालकी गाणाऱ्यांचीच.

एप्रिल १९७९ मध्यें स्टॉकपोर्ट येथील स्ट्रॉबेरी स्टुडिओंत काम झालें. निर्माता मार्टिन हॅनेट मोठा हट्टी. त्यानें ड्रमचे आवाज सुटेसुटे मुद्रित केले. एका गीतांतील गळा टेलिफोनच्या तारेवरून घेतला. इमारतींतील लिफ्टचा खडखडाटही सोडला नाहीं. रंगमंचावरील आपला धगधगता जोर गेला कोठें, म्हणून समनर व हुक कष्टी झाले. निवाडा मात्र हॅनेटच्याच बाजूनें द्यावा लागतो. ओसाड वखारींतून उमटावा तसा तो पोकळ, थंड नाद त्याच्यावांचून निघता ना. हुकनेंही पुढें त्याचें श्रेय त्यास दिलें.

वेष्टणाची कथा रेडिओच्या श्रोत्यांस विशेष रुचेल. सन १९६७ मध्यें केंब्रिज येथें जोसेलिन बेल या विद्यार्थिनीस एका ताऱ्याकडून दर १.३३७ सेकंदांनीं येणारे रेडिओ-स्पंद आढळले. त्या स्पंदांचा एकाखालीं एक काढलेला आलेख एका ज्योतिषविषयक कोशांत होता. पीटर सॅव्हिल या चित्रकारानें तोच काळ्या भूमीवर पांढऱ्या रेषांनीं उठविला. वर ना वाद्यमेळाचें नांव, ना ध्वनिमुद्रिकेचें.

ता. १५ जून १९७९ रोजीं ती प्रसिद्ध झाली. पहिल्या प्रती १०,०००. तींतील एक गीत कर्टिसच्या कचेरींत काम मागावयास येणाऱ्या एका अपस्मारग्रस्त तरुणीवर आहे. ती पुढें त्याच व्याधीनें वारली. तें गीत रचलें तेव्हां कर्टिसला स्वतःच्या आजाराची कल्पना नव्हती. जानेवारी १९७९ मध्यें त्यालाही अपस्मार असल्याचें निदान झालें, आणि मग तेंच गीत तो रंगमंचावरून, प्रसंगीं झटक्याच्या उंबरठ्यावर उभा राहून, गात राहिला. ता. १८ मे १९८० रोजीं, अमेरिकेच्या दौऱ्यास निघण्याच्या आदल्या दिवशीं, त्यानें आत्महत्या केली. वय अवघें २३.

उरलेल्या तिघांनीं ‘न्यू ऑर्डर’ हा नवा वाद्यमेळ काढला. सन १९९२ मध्यें ‘फॅक्टरी’चें दिवाळें वाजलें. विकत घ्यावयास आलेल्या मोठ्या कंपनीनें कागदपत्र चाळले, तेव्हां तिला आढळलें कीं, न्यू ऑर्डरचीं मोलाचीं गाणीं ‘फॅक्टरी’च्या मालकीचीं नव्हतींच; तीं गाणाऱ्यांचीं होतीं.