सॅल्मनच्या खाद्यातील तेलबदल : नॉर्वे व स्कॉटलंड (१९९० ते २०२३)

नॉर्वेच्या किनाऱ्यावर सॅल्मन माशाचे व्यापारी संवर्धन १९७० च्या सुमारास सुरू झाले. या माशाचे खाद्य आरंभी जवळजवळ पूर्णपणे समुद्रातूनच येत असे. १९९० मध्ये नॉर्वेतील खाद्यात सागरी घटकांचा वाटा सुमारे ९० टक्के होता. त्यात मत्स्यतेल सुमारे २४ टक्के. सॅल्मन हा मुळात मांसाहारी मासा असल्याने त्यात कोणास वावगे वाटले नाही. आपल्याकडील रोहू व कटला शेंगदाण्याची पेंड आणि भाताच्या कोंड्यावर वाढविले जातात. तेथे हा प्रश्न त्या तीव्रतेने उद्‌भवला नाही.

मत्स्यतेलाचा पूर्वीचा मोठा गिऱ्हाईक मार्गारिनचा कारखाना होता. हायड्रोजनीकरण करून हे तेल घट्ट केले जाई. पुढे ते बहुतांशी मत्स्यशेतीकडे वळले. पुरवठा मात्र वाढण्याजोगा नव्हता, कारण त्याचा मुख्य आधार पेरूच्या किनाऱ्यावरील अँकोव्हेटा हा लहानसा मासा. १९७० मध्ये पेरूची ही मासेमारी १ कोटी २० लाख टनांवर गेली होती. अतिरिक्त मासेमारी आणि १९७२-७३ चा एल निनो यांनी ती कोसळली. १९९७-९८ च्या एल निनोने तोच धडा पुन्हा दिला. १९९० मधील प्रमाण कायम ठेवून हा उद्योग वाढणे शक्यच नव्हते.

युरोपीय संघाच्या साहाय्याने २००० नंतरच्या दशकात रेपसीड, जवस, पाम इत्यादी तेलांचे पद्धतशीर प्रयोग झाले. आवश्यक मेदाम्लांची किमान गरज भागली, तर माशाची वाढ खुंटत नाही, असे त्यांतून दिसले. रेपसीड, म्हणजे मोहरीच्याच कुळातील तेलबी, उत्तर युरोपात मुबलक पिकत असल्याने तिचेच तेल प्रमुख ठरले. जानेवारी २००४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकाने संवर्धित सॅल्मनमधील क्लोरिनयुक्त प्रदूषकांचे प्रमाण रानटी सॅल्मनपेक्षा अधिक असल्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. ही प्रदूषके मुख्यत्वे सागरी खाद्यातून येत. त्यामुळे वनस्पती तेलाच्या बाजूस आणखी एक कारण जमा झाले. २०२० पर्यंत नॉर्वेतील खाद्यात मत्स्यतेल सुमारे १० टक्क्यांवर आले.

परंतु माशाच्या मांसातील मेद त्याच्या खाद्यातील मेदाचेच प्रतिबिंब असते. वनस्पती तेलात १८ कार्बनची मेदाम्ले असतात. त्यांपासून ईपीए व डीएचए ही लांब साखळीची ओमेगा-३ मेदाम्ले तयार करण्याची सॅल्मनची क्षमता मर्यादित आहे. स्टर्लिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखविले की, स्कॉटिश संवर्धित सॅल्मनमधील या दोन मेदाम्लांचे प्रमाण २००६ ते २०१५ या काळात सुमारे निम्म्यावर आले. संवर्धित सॅल्मन त्यानंतरही त्यांचा चांगला स्रोत राहिला, हे त्याच अभ्यासात नमूद आहे. उद्योगाने तेवढाच भाग अधिक सांगितला, हे स्वाभाविक होते. ज्या गुणासाठी ग्राहक हा मासा विकत घेई, तोच गुण निम्मा झाल्याचे मात्र वेष्टनावरून सहसा कळत नसे.

मासा बाजारात नेण्यापूर्वी काही आठवडे पुन्हा मत्स्यतेल चारण्याचा उपाय त्या प्रयोगांतच सुचला होता. पुढे सूक्ष्म शैवालापासून ओमेगा-३ तेल काढण्याचा मोठा कारखाना २०१९ मध्ये अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात सुरू झाला. २०२३ मध्ये पेरूने अँकोव्हेटाचा पहिला हंगाम रद्द केला, मत्स्यतेलाचे भाव कडाडले आणि खाद्यनिर्माते या शैवालतेलाकडे अधिक गांभीर्याने पाहू लागले.