‘तोच’ आणि ‘तसाच’ : वऱ्हाडातील नोंदपरंपरा व संगणकीय माहितीचा एक प्रश्न

संगणकावर माहिती साठविण्याच्या ज्या पद्धतीला ऑब्जेक्ट ओरिएंटेड डेटाबेस म्हणतात, आणि संकेतस्थळांवर येणाऱ्या माणसांच्या वर्तनाचा जो अभ्यास वेब युसेज मायनिंग या नावाने ओळखला जातो, ते दोन्ही विषय सामान्यतः संगणकशास्त्राच्या कक्षेतले मानले जातात. भाषेच्या किंवा इतिहासाच्या अभ्यासकाने त्यांत लक्ष घालण्याचे प्रयोजन काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. परंतु या दोहोंच्या मुळाशी असलेला प्रश्न बराच जुना आहे. माणसाची कृती नोंदविली, म्हणजे त्या नोंदीतून तो माणूस पुन्हा ओळखता येतो काय? वऱ्हाडातील नोंदकारांची या प्रश्नाशी गाठ सातशे वर्षांपूर्वीच पडली होती. त्यांनी काढलेला मार्ग आजच्या अभ्यासकास उपयोगी पडेल काय, एवढाच विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आरंभी मराठीतील एका साध्या भेदाकडे लक्ष वेधतो. बाजारात एखादा बैल पाहून शेतकरी विचारतो, ‘हा तोच की तसाच?’ ‘तसाच’ म्हणताना आपण रंग, शिंगे, बांधा अशी लक्षणे जुळवून पाहतो. ‘तोच’ म्हणताना मात्र लक्षणांच्या पलीकडे जातो. बैल म्हातारा झाला, त्याचे शिंग मोडले, तरी तो तोच राहतो. उलट, सर्व लक्षणे जुळूनही दुसरा बैल फक्त तसाच असतो. पहिला प्रत्यय अभेदाचा, दुसरा साम्याचा. पुढील सर्व विवेचन या भेदावर आधारलेले आहे.

अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे प्रमुख स्थान. श्रीचक्रधरांनंतर तेथे नागदेवाचार्यांच्या सान्निध्यात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्रा’ची सामग्री जमविली. या ग्रंथाचा काळ सामान्यतः इ. स. १२७८ च्या सुमाराचा मानतात. म्हाइंभटांची पद्धत अशी, की ज्याने प्रसंग पाहिला त्याच्याकडे जावयाचे, त्याच्याकडून तो ऐकावयाचा आणि मग नागदेवाचार्यांकडून पडताळून घ्यावयाचा. म्हणून लीळेत केवळ वचन येत नाही. स्थळ येते, उपस्थित माणसे येतात, कोणी काय विचारले तेही येते. चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या धामधुमीत मूळ प्रत नष्ट झाली असे परंपरा सांगते, आणि पुढे निरनिराळ्या शिष्यांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा राहिला. त्या वेळी आठवणींत जेथे भेद पडला, तेथे एकच पाठ खरा ठरवून बाकीचे पुसून टाकण्यात आले नाहीत. भिन्न आठवणी ‘वासना’ या संज्ञेखाली जपल्या गेल्या. नोंद कोणाच्या स्मरणातून आली, हा नोंदीचाच एक भाग मानला गेला.

याच परंपरेत दुसराही प्रयोग झाला. केसोबासांनी लीळांमधून चक्रधरोक्त वचने वेगळी काढून विषयवार लावली, तोच ‘सूत्रपाठ’. पाठांतरास आणि तत्त्वविवेचनास ही मांडणी सोयीची होती यात संशय नाही. पण प्रसंगापासून सुटलेले सूत्र कोणास उद्देशून आणि कोणत्या निमित्ताने निघाले, हे त्यावरून कळेना. तेव्हा प्रत्येक सूत्राचा प्रसंग सांगणारे ‘प्रकरणवश’ निर्माण करावे लागले. सोयीसाठी जे तोडले, ते अर्थासाठी पुन्हा जोडावे लागले.

रिद्धपुराहून एकदम एकोणिसाव्या शतकातील सरकारी कचेरीत येणे ही लांब उडी खरी. पण तेथेही प्रश्न हाच होता. वऱ्हाडात पहिली खानेसुमारी १८६७ साली झाली. १८८१ व १८९१ च्या गणनांत मोजणी रेघा ओढून होत असे. माणूस मोजला की त्याची रेघ होई, आणि रेघेतून माणसाकडे परतण्याची वाट उरत नसे. १९०१ साली भारतभर चिठ्ठीपद्धती आली. बव्हेरियाच्या १८७१ च्या गणनेसाठी गेऑर्ग फॉन मायर यांनी ती योजिली होती. तीत दर माणशी एक चिठ्ठी असे. धर्म कागदाच्या रंगावरून, तर स्त्री-पुरुषभेद व वैवाहिक स्थिती चिन्हांवरून कळे. चिठ्ठ्यांचे गठ्ठे एकदा वयाप्रमाणे, एकदा धंद्याप्रमाणे, एकदा भाषेप्रमाणे लावता येत. माणसाची सर्व लक्षणे प्रथमच एका ठिकाणी राहिली. मात्र या पद्धतीलाही मर्यादा होती. १८९१ साली वऱ्हाडची लोकसंख्या २८,९७,४९१ होती, ती १९०१ साली २७,५४,०१६ झाली. मधल्या दशकात दुष्काळ पडले होते. तक्ता तूट किती हे सांगतो. १८९१ मधला कोणता माणूस १९०१ मध्ये तोच म्हणून उरला, हे तो सांगत नाही.

संगणकयुगात हीच दोन वळणे पुन्हा दिसतात. १९७० साली एडगर कॉड यांनी रिलेशनल पद्धती मांडली. तीत माहिती तक्त्यांत विभागली जाते आणि तक्ते समान मूल्यांनी जोडले जातात. ‘सूत्रपाठा’प्रमाणे ती सुटसुटीत आहे, आणि तोडलेले जोडण्याचे काम ‘प्रकरणवशा’प्रमाणे तिलाही चुकत नाही. दुसरी परंपरा नॉर्वेत डाल व न्यूगार्ड यांनी सिद्ध केलेल्या ‘सिम्युला ६७’ या भाषेतून निघाली. तीत लक्षणे आणि क्रिया एकत्र बांधून एक ‘वस्तू’ कल्पिली जाते. १९८४ साली कोपलंड व मायर यांनी ‘स्मॉलटॉक’ या भाषेचे रूपांतर डेटाबेसमध्ये कसे करता येईल हे दाखविले. १९८९ साली क्योटो येथील परिषदेत अ‍ॅटकिन्सन व त्यांच्या पाच सहकाऱ्यांनी अशा डेटाबेसची आवश्यक लक्षणे जाहीरनाम्याच्या रूपाने मांडली. त्यांत वस्तूची स्वतंत्र ओळख हे एक प्रमुख लक्षण होते. वस्तूची सर्व मूल्ये बदलली तरी तिची ओळख बदलत नाही. आणि दोन वस्तूंची सर्व मूल्ये सारखी असली तरी त्या दोनच राहतात. आपल्या भाषेत सांगावयाचे तर ‘तोच’ आणि ‘तसाच’ यांतील भेद या पद्धतीने यंत्राला शिकविला. पुढे प्रमाणीकरणासाठी १९९१ साली ओ.डी.एम.जी. हा गट स्थापन झाला, १९९३ साली त्याचे प्रमाण प्रसिद्ध झाले आणि २००१ साली तो विसर्जित झाला. रिलेशनल पद्धतीने वस्तुकल्पनेचा काही भाग १९९९ च्या एस.क्यू.एल. प्रमाणात सामावून घेतला होता, आणि बाजारपेठ तिच्याच हाती राहिली. तथापि तेवढ्याने ओळखीचा प्रश्न निकालात निघाला असे म्हणता येत नाही.

तो प्रश्न महाजालावर अधिक तीव्र झाला. सर्व्हरच्या नोंदवहीतील ओळीत सामान्यतः यंत्राचा पत्ता, वेळ, मागितलेले पान, निकाल आणि पाठविलेल्या मजकुराचे आकारमान एवढेच असते. माणूस तीत नसतो. १९९४ साली नेटस्केपमध्ये लू मोन्टुली यांनी कुकीची योजना केली. तिने ब्राउझर ओळखता येऊ लागला; ब्राउझरपुढे बसलेला माणूस नव्हे. एका बैठकीतील वाचन कोठे संपले हेही ओळींत लिहिलेले नसते. जॉर्जिया टेक येथील कॅटलेज व पिटको यांनी १९९५ च्या निबंधात दोन कृतींमधील सरासरी अंतर ९.३ मिनिटे असल्याचे सांगून, त्याच्या आधारे २५.५ मिनिटांची मर्यादा सुचविली. पुढील संशोधकांनी ती सोयीसाठी ३० मिनिटे केली, आणि एका संस्थेतील वाचकांवरून काढलेला आकडा जगभर रूढ झाला. मिनेसोटा विद्यापीठातील कूली, मोबाशर व श्रीवास्तव यांनी १९९९ साली या पूर्वतयारीतील अडचणी तपशिलाने मांडल्या होत्या. एका पत्त्यामागे अनेक माणसे असू शकतात आणि एका माणसाचे अनेक पत्ते असू शकतात. म्हणजे वस्तुकेंद्री मांडणीत ‘वापरकर्ता’ नावाची वस्तू आपण निर्माण केली, तरी तिची ओळख अनुमानाची असते. ‘तसाच’ दिसला म्हणून ‘तोच’ धरला, एवढेच तेथे घडलेले असते.

वऱ्हाडच्या संदर्भात हा केवळ तात्त्विक भेद नाही. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाले. त्यानंतरची काही वर्षे तालुक्याच्या गावी एकाच यंत्रापुढे दिवसभरात अनेक विद्यार्थी बसून जात. आजही एका घरातील एकच भ्रमणध्वनी बाप कापसाच्या भावासाठी, मुलगी शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी आणि आई ओवीभजनासाठी वापरते, हे दृश्य अपरिचित नाही. नोंदवहीत मात्र तेथे एकच व्यक्ती असते. तिची आवड चमत्कारिक रीतीने बदलते, एवढेच विश्लेषकास दिसते.

भाषेची गोष्ट याहून गंभीर आहे. ब्राउझर आपल्या मागणीबरोबर पसंतीची भाषा कळवितो. ती यंत्राच्या मांडणीवरून ठरते, आणि पुष्कळ यंत्रांत ती मांडणी इंग्रजीच राहिलेली असते. वाचक मराठी असूनही त्याची नोंद इंग्रजी म्हणून होते. खानेसुमारीत वऱ्हाडी बोलणारा ‘मराठी’ या सदरात जाई, आणि १९०५ साली प्रसिद्ध झालेल्या भाषा-सर्वेक्षणाच्या सातव्या खंडासाठी ग्रिअर्सन यांना बोलींच्या संख्येकरिता स्थानिक अधिकाऱ्यांच्या अंदाजांवर विसंबावे लागले. तेव्हा निदान तो माणूस मराठीत तरी मोजला जात होता. आज त्याची मराठीच मोजणीतून निसटते. मग मराठी वाचक थोडे, म्हणून मराठी मजकूर थोडा, आणि मजकूर थोडा, म्हणून वाचक इंग्रजीकडे, असे चक्र सुरू होते. सदोष नोंदीवर आधारलेला निर्णय कालांतराने त्या नोंदीलाच खरे ठरवितो.

२०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला, आणि २०२३ साली वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. कायदा माणसाला चोरट्या ओळखीपासून वाचवू पाहतो. चुकीच्या ओळखीपासून त्याला वाचविणे हे बहुतांशी संशोधकाचेच काम आहे. ‘वापरकर्ता’ कसा ठरविला, बैठकीची मर्यादा किती धरली, भाषा कशावरून मानली, हे प्रबंधाच्या परिशिष्टात न ढकलता प्रत्येक निष्कर्षाशेजारी लिहावे. जेथे दोन अनुमाने संभवतात, तेथे दोन्ही राखावीत. रिद्धपूरच्या संकलकांनी ‘वासना’ राखल्या, त्या याच न्यायाने. त्यांच्यापाशी साधने थोडी होती. तरी ही नोंद कोणाची, हा प्रश्न त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही.