भोंग्यातला बेंजो

उरणपासून श्रीवर्धनपर्यंत आगरी-कोळी घरच्या हळदीला बेंजोशिवाय रंग चढत नाही. वाद्याचं मूळ मात्र जपानी. नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये ‘ताइशोगोतो’ बनवलं: लांबट पेटी, पोलादी तारा आणि त्यांवर टाइपरायटरसारखी बटणं. भारतात ते बुलबुलतरंग झालं आणि आपल्या किनाऱ्यावर बेंजो.

हे घरात बसून वाजवायचं वाद्य. ढोल-ताशापुढे त्याचं काय चालणार? मग तारांजवळ त्यांची थरथर टिपणारा पिकअप बसला, टेम्पोत अ‍ॅम्प्लिफायर चढला, टपावर भोंगे लागले. भोंगा खर्ज गिळतो, अगदी वरची किणकिणही गाळतो. मधला सूर तेवढा धार लावून लांब फेकतो. ढोलाच्या घुमाऱ्यात नेमकी तीच जागा मोकळी असते. त्यात अ‍ॅम्प्लिफायर ताणला की आवाज किंचित फाटतो, आणि वरातीला ओळखीचा वाटतो तो हाच फाटका सूर. महागड्या स्वच्छ स्पीकरवर बेंजो सुधारत नाही, परका होतो.

स्टुडिओत पंचाईत होते ती इथेच. पिकअपची तार थेट मशीनला जोडली की सूर नितळ येतो, पण मिळमिळीत.

गिटारवाल्यांची हीच अडचण होती. जो सात्रियानीचे ध्वनिमुद्रक जॉन क्युनिबर्टी यांनी १९९४ च्या सुमारास ‘रीअँप’ नावाची छोटी पेटी बाजारात आणली. थेट मुद्रित केलेला नितळ सूर तिच्यातून पुन्हा अ‍ॅम्प्लिफायरमध्ये सोडायचा आणि समोर माइक लावून नव्याने टिपायचा. ध्वनिमुद्रण यंत्रातून येणारा सिग्नल दांडगा. अ‍ॅम्प्लिफायरला सवय पिकअपच्या क्षीण सिग्नलची. पेटीतला ट्रान्सफॉर्मर ही तफावत मिटवतो, अर्थिंगची घरघरही तोडतो.

बेंजोसाठी हीच युक्ती करायची, तर गिटारवाल्यांचा लाडका व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर भाड्याने आणण्यात अर्थ नाही. मंडपवाल्याकडचा जुना अ‍ॅम्प्लिफायर आणि त्याला जुळणारा भोंगा हवा. १०० व्होल्टच्या लाइनवर चालणारा भोंगा असेल तर त्याचा ट्रान्सफॉर्मर काढून चालत नाही. माइकही भोंग्याच्या तोंडाशी नको. चार पावलं मागे, अंगणात ठेवला तर भिंतीवरून परतणारा आवाजही सापडतो.

अंगणातला हा उद्योग दिवसाच उरकावा लागतो, कारण २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर भोंगा बंद. आदल्या संध्याकाळी हळद वाजवून झोपलेल्या बेंजोवाल्याला मात्र त्यासाठी उठवावं लागत नाही; त्याचा सूर आधीच मुद्रित झालेला असतो.