ॲनिकचा किल्ला आणि पर्सी घराणे

इंग्लंडच्या ईशान्येस, स्कॉटलंडच्या सीमेजवळच्या नॉर्थम्बरलंड परगण्यात ॲनिकचा किल्ला उभा आहे. इंग्लंडमधील राहत्या किल्ल्यांत विंडसरच्या खालोखाल तो सर्वांत मोठा मानला जातो. ‘हॅरी पॉटर’च्या २००१ व २००२ मधील चित्रपटांत झळकल्याने तो जगभरच्या मुलांना ठाऊक झाला. मात्र त्याचा खरा इतिहास सातशेहून अधिक वर्षे त्याची मालकी सांभाळणाऱ्या पर्सी घराण्याचा आहे.

स्कॉटिश स्वाऱ्या रोखण्यासाठी अकराव्या शतकाच्या अखेरीस येथे पहिली तटबंदी झाली. ११७४ मध्ये स्कॉटलंडचा राजा विल्यम याच किल्ल्याच्या वेढ्यात कैद झाला. पुढे १३०९ मध्ये हेन्री पर्सी याने डरहॅमचे बिशप अँथनी बेक यांच्याकडून किल्ला विकत घेतला. दुरुस्ती करून, नवे बुरूज चढवून त्याने व त्याच्या मुलाने तो बळकट केला.

सीमेचे हे रखवालदार राजसत्तेला मात्र वारंवार नडले. ‘हॉटस्पर’ या टोपणनावाने गाजलेला हेन्री पर्सी चौथ्या हेन्री राजाविरुद्ध लढताना १४०३ मध्ये श्रूझबरी येथे पडला; शेक्सपिअरने त्याला रंगभूमीवर अमर केले. गुलाबांच्या युद्धांत दुसरा व तिसरा अर्ल रणांगणावर मारले गेले. १५६९ च्या उत्तरेकडील कॅथलिक बंडात सामील झाल्याबद्दल सातव्या अर्लचा १५७२ मध्ये शिरच्छेद झाला. नवव्या अर्लला, संसद उडवून देण्याच्या १६०५ च्या कटात सामील असल्याच्या संशयावरून, सुमारे सोळा वर्षे लंडनच्या टॉवरमध्ये काढावी लागली.

इतके घाव सोसूनही घराण्याचे नाव टिकले, ते मुख्यत्वे लेकींमुळे. बाराव्या शतकात पुरुषवारस न उरल्याने वारसा ॲग्नेस द पर्सी हिच्याकडे आला. तिचा पती लूव्हाँच्या राजघराण्यातील. तरी वंशजांनी तिचेच आडनाव लावले. १६७० मध्ये अकराव्या अर्लच्या निधनाने पुरुषशाखा पुन्हा खुंटली. त्याच्या एकुलत्या मुलीची नात एलिझाबेथ सेमूर हिने ह्यू स्मिथसन यांच्याशी विवाह केला. स्मिथसन यांनी १७५० मध्ये पर्सी हे आडनाव स्वीकारले आणि १७६६ मध्ये ते नॉर्थम्बरलंडचे ड्यूक झाले. या दांपत्यानेच वास्तुविशारद रॉबर्ट ॲडम यांच्या हातून मोडकळीस आलेल्या किल्ल्याचे राजेशाही निवासस्थान केले. पुढे चौथ्या ड्यूकने १८५० च्या दशकात अँथनी साल्विन यांच्याकरवी त्याची पुनर्रचना करविली.

या कथेला एक वेगळी बाजूही आहे. ह्यू यांचा अनौरस पुत्र जेम्स यास ना पर्सी हे नाव मिळाले, ना किल्ला. पित्याने मागे टाकलेले स्मिथसन हे आडनाव त्याने लावले. रसायनशास्त्रज्ञ म्हणून नावलौकिक मिळविलेल्या जेम्सची संपत्ती, त्याने कधीही न पाहिलेल्या अमेरिकेला मिळाली. त्यातूनच १८४६ मध्ये वॉशिंग्टनची स्मिथसोनियन संस्था स्थापन झाली.

विसाव्या शतकात अनेक इंग्रज उमरावांना आपले वाडे सोडावे लागले. ॲनिकने आपली दारे उघडली. महायुद्धानंतर १९७७ पर्यंत येथे शिक्षकांचे प्रशिक्षण महाविद्यालय चालले. पर्यटक व चित्रपटही आले. शत्रूला अडविण्यासाठी बांधलेला हा किल्ला अखेर परक्यांना आत घेऊनच तगला आहे.