गोंडी अक्षराचा चौथा बाइट

पाच-सहा वर्षं जावामध्ये सर्व्हरचं काम केलेल्या माणसाला लाराव्हेल शिकायला फार दिवस लागत नाहीत. ब्राउझरकडून आलेली विनंती कुठल्या फंक्शनकडे पाठवायची, डेटाबेसमधून माहिती कशी काढायची, ती पानावर कशी मांडायची, हे सगळं स्प्रिंगमध्येही होतं आणि इथेही आहे. नावं तेवढी वेगळी. पहिले दोन दिवस मी मनातल्या मनात नुसतं भाषांतर करत होतो. थांबलो ते 191 या आकड्यापाशी.

लाराव्हेलच्या जुन्या प्रोजेक्टांमध्ये एक ओळ हमखास सापडते: मजकुराच्या रकान्याची लांबी 191 धरा. 200 नाही, 255 नाही, 191. बहुतेक जण ती कॉपी करून पुढे जातात, आणि त्यात गैर काही नाही, काम आज संपवायचं असतं. पण मी चंद्रपूरचा. या आकड्याचा माग काढत गेलो आणि पोचलो थेट गोंडी लिपीपर्यंत.

आधी थोडा हिशोब. जगातल्या प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला युनिकोड एक क्रमांक देतं. तो क्रमांक बाइटमध्ये साठवायची आज सगळीकडे चालणारी पद्धत म्हणजे यूटीएफ-8. केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी ती 1992 मध्ये आखली. इंग्रजी अक्षराला एक बाइट, देवनागरीला तीन, आणि ज्यांचा क्रमांक पहिल्या 65,536 च्या पुढे आहे त्यांना चार. या पहिल्या 65,536 जागांना आपण तळमजला म्हणू.

देवनागरी तळमजल्यावर राहते. त्याचं कारण सरळ आहे. भारत सरकारचं इस्की नावाचं प्रमाण 1988 मध्ये तयार होतं आणि 1991 च्या पहिल्या युनिकोडने त्यावरूनच भारतीय लिप्या घेतल्या. राज्यकारभाराच्या भाषांना आधी जागा मिळाली.

गोंडीचं तसं झालं नाही. चंद्रपूरचा परकोट गोंड राजांनी बांधला, गडचिरोलीत आजही गावोगावी गोंडी आणि माडिया बोलली जाते, 2011 च्या जनगणनेत देशभरात जवळपास 30 लाख लोकांनी ती मातृभाषा म्हणून नोंदवली. पण राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत ती नाही. महाराष्ट्रात ती देवनागरीत लिहितात, तेलंगणात तेलुगू लिपीत. स्वतःची लिपी हवी म्हणून बालाघाट जिल्ह्यातल्या मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी 1918 मध्ये एक तयार केली. तिला युनिकोडमध्ये जागा मिळाली जून 2017 मध्ये. मधे 99 वर्षं गेली. पुढच्याच वर्षी, चंद्रपूरला लागून असलेल्या आदिलाबादमधल्या गुंजाला गावच्या हस्तलिखितांतली दुसरी गोंडी लिपीही आली. तोवर तळमजला जवळपास भरला होता. दोन्ही लिप्यांना वरच्या मजल्यावर, म्हणजे चार बाइटच्या वस्तीत, जागा मिळाली.

आता मायएसक्यूएल. वेबसाठी सर्वात जास्त वापरल्या गेलेल्या डेटाबेसांपैकी हा एक. त्याच्या 2004 च्या 4.1 आवृत्तीत यूटीएफ8 नावाची सोय आली, पण ती तीन बाइटपर्यंतच चालायची. नाव पूर्ण, माल अर्धा! सेटिंग सैल असेल तर चार बाइटचं अक्षर आलं की तिथून पुढचा मजकूर कापला जायचा आणि प्रोग्राम चालू राहायचा. एखाद्या मराठी वाक्यात मधेच मसराम लिपीतला शब्द आला, तर वाक्य तिथेच संपलं.

ही भिंत गोंडीसाठी कोणी पाडली नाही. ती पाडली गेली हसऱ्या चेहऱ्यांसाठी. इमोजीही वरच्याच मजल्यावर राहतात, आणि ते करोडो फोनांमधून यायला लागले. मायएसक्यूएलने 2010 मध्ये चार बाइटची खरी सोय दिली, यूटीएफ8एमबी4 या नावाने. जानेवारी 2017 मध्ये लाराव्हेल 5.4 ने तीच मूळ सेटिंग केली, आणि कारण स्पष्ट सांगितलं: इमोजी साठवता यावेत. पाच महिन्यांनी मसराम गोंडी आली तेव्हा दार आधीच उघडं होतं. मला हे आजही थोडं हास्यास्पद आणि थोडं लाजिरवाणं वाटतं.

191 इथूनच निघाला. तेव्हाच्या मायएसक्यूएलमध्ये इंडेक्सच्या रकान्याला 767 बाइटची मर्यादा होती. 255 अक्षरं गुणिले तीन, 765. बसतं. गुणिले चार, 1020. बसत नाही. 191 गुणिले चार, 764.

पण साठवता आलं म्हणजे ओळखता आलं असं नाही. दोन शब्द सारखे आहेत का, हे ठरवताना डेटाबेस प्रत्येक अक्षराला एक वजन देतो. लाराव्हेलच्या सेटिंगमधली तुलनेची पद्धत यूटीएफ8एमबी4_युनिकोड_सीआय ही आहे, आणि ती वरच्या मजल्यावरच्या प्रत्येक अक्षराला एकच वजन देते: न ओळखलेल्या अक्षराच्या जागी दिसतं त्या प्रश्नचिन्हाचं. जपानमध्ये याला सुशी-बिअरचा घोळ म्हणतात, कारण सुशीचा इमोजी शोधला की बिअरही सापडते. तिथे तो विनोद आहे. गोंडीत नार म्हणजे गाव आणि लोन म्हणजे घर. मसराम लिपीत दोन्हींची चिन्हं मोजली तर सारखीच, म्हणून डेटाबेसच्या लेखी गाव आणि घर एकच.

धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने 2019 मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. अशा एखाद्या शाळेने उद्या गोंडी लिपीत नावांची नोंद करायची ठरवली आणि एक नाव दोनदा येऊ नये अशी अट घातली, तर सारख्याच चिन्हसंख्येच्या दुसऱ्या मुलीला उत्तर मिळेल की तुझी नोंद आधीच झाली आहे. आज हे घडताना दिसत नाही, कारण इथला बहुतेक गोंडी मजकूर देवनागरीत असतो. देवनागरीत लिहिणाऱ्याला यातलं काहीच भोगावं लागत नाही.

2024 च्या लाराव्हेल 11 मध्येही मायएसक्यूएलसाठी तीच ओळ आहे. मी माझ्याकडे ती बदलून 0900 नावाची नवी पद्धत लावली. आता नार वेगळं, लोन वेगळं. क्रम मात्र वर्णमालेचा नियम पाहून लागत नाही, नुसत्या युनिकोडच्या आकड्यांवरून लागतो. 0900 म्हणजे युनिकोड 9.0, जून 2016. मसराम गोंडी आली 10.0 मध्ये.