एका न्हाव्याची संगीतशाळा

न्यू ऑर्लीन्स म्हणजे जाझ संगीताचे माहेर. पण या माहेरी लेकरांनाच ओसरीवर थारा नव्हता! वर्णभेदाच्या अमलात कृष्णवर्णीय गवयाला बड्या हॉटेलांची दारे बंद असत. कार्यक्रम आटोपल्यावर पाठ टेकायची कोठे, हा दौऱ्यावरच्या प्रत्येक मंडळीपुढचा प्रश्न.

त्याचे उत्तर फ्रँक पेनिया नावाच्या एका कृष्णवर्णीय न्हाव्याने दिले. १९३९ साली लासॅल रस्त्यावर त्याने ‘ड्यू ड्रॉप इन’ उघडले. केशकर्तन, जेवणखाण, मुक्काम आणि रात्रीचे नाचगाणे, सारे एकाच इमारतीत. रे चार्ल्स, जेम्स ब्राऊन यांच्यासारखे कलावंत येथे गाऊन गेले. १९५५ साली लिटल रिचर्डचे ध्वनिमुद्रण काही केल्या रंगेना. मधल्या सुटीत तो येथे आला, पियानोवर बसला आणि एक धांगडधिंग्याचे गाणे त्याने ठोकून दिले. तेच ‘टुटी फ्रुटी’! रॉक अँड रोलच्या इतिहासात त्या गाण्याला मानाचे पान आहे.

गोऱ्या रसिकांनाही या सुरांची ओढ होतीच. १९५२ साली झॅकरी स्कॉट हा गोरा चित्रपटनट येथे आला, तेव्हा पोलिसांनी पाहुण्यांबरोबर यजमानालाही पकडून नेले. अपराध काय, तर गोऱ्याकाळ्यांनी एकत्र बसणे! आरोप टिकला नाही. पण पेनियाही स्वस्थ बसला नाही. १९६४ साली त्याने या निर्बंधांविरुद्ध न्यायालयात दाद मागितली. त्याच वर्षी नागरी हक्कांचा कायदा देशभर लागू झाला.

आणि येथेच दैवाची थट्टा पाहा. सगळीकडची दारे उघडली, तशी गिऱ्हाइके पांगली. रोगी बरा व्हावा आणि वैद्याचेच दुकान ओस पडावे, तसे झाले. पेनिया आजारी पडला व १९७२ साली वारला. रंगमंच मुका झाला. २००५ च्या कॅटरिना वादळाने वास्तूची आणखीच दुर्दशा केली.

तरी २०१० साली शहराने तिला ऐतिहासिक वास्तू म्हणून मान्यता दिली. २०२१ मध्ये नवा मालक लाभला, आणि २०२४ च्या मार्चमध्ये रंगमंच व १७ खोल्यांसह तिचे दार पुन्हा उघडले.

पूर्वी पाहुणा येथे उतरे, कारण बड्या हॉटेलांत त्याला जागा नसे. आता तो आपखुशीने उतरतो. पेनिया ज्यासाठी झगडला, ते हेच नव्हे काय?